आदेशाचे पालन करण्यात आले आहे

भनपुरी, रायपूर
१४ जून २००३

इंद्रजीत,

जयभीम. एकाच शहरात राहून भावाले पोस्टानं पत्र धाडून राहिली, हसू नको. तुझ्या घरचा फोन चपराशी उचलतो अन् 'साहब मीटिंग में हैं' म्हणतो. सकाळी दात घासायच्या वेळेले कोणाची मीटिंग असते रे?

खबर चांगली आहे. आमचे दिवाकर वकील काल बिलासपूरहून हायकोर्टाच्या निकालाची नक्कल घेऊन आले. आम्ही जिंकलो. तुमच्या संचालनालयानं तात्यापाऱ्यातली आमची इमारत दोन महिन्यांत खाली करून अंध कन्या वसतिगृहाच्या ताब्यात द्यायची, असा साफ हुकूम आहे. मी पोरींले वाचून दाखवला. या गोदामात असा कल्ला झाला, की बाहेर चहा पिऊन राहिलेले ट्रकवाले डोकावून गेले. मोंगरा, दहावीतली, तिनं मले तीच ओळ तीनदा वाचायले लावली. 'रिक्त' म्हणजे काय, विचारलं. खाली, म्हटलं. 'मग खाली लिहायचं ना, बडी दीदी, साहेबांले समजलं पाहिजे,' तिच्या छत्तीसगढीत म्हणे.

इमारत घेतली तेव्हा तू या विभागात नव्हता, हे मी मानते. राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झाली, तेव्हा आम्हीही पेढे वाटले होते. मग एकेका विभागाले जागा कमी पडू लागली. तुमच्या संचालनालयाचे लोक आले, म्हणाले, सहा महिन्यांची गोष्ट आहे, नवीन राजधानी बांधून झाली की परत देतो. कमलाबाई मालगुजारीण मरताना ते घर आंधळ्या पोरींच्या नावानं करून गेली होती. त्यांनी ते दानपत्र पाहिलंसुद्धा नाही. आमच्या लोखंडी खाटा उचलल्या अन् इथं, धानाच्या या रिकाम्या गोदामात आणून टाकल्या. सहा महिन्यांची अडीच वर्षं झाली.

तुले तात्यापाऱ्याचं घर आठवते? कॉलेजात होता तेव्हा माझ्यासाठी डबा घेऊन येत होता. तिथं आमच्या पोरी धावत होत्या. समजून घे, धावत. कोणचा खांब कुठं आहे, कोणची पायरी फुटकी आहे, सारं त्यांच्या पायांले ठाऊक होतं. इथं त्या भिंतीले हात लावून चालतात, अन् पुढं भिंत संपली की उभ्या राहतात.

आता तूच त्या संचालनालयात उपसंचालक, अन् इमारतींचं काम तुझ्याकडं. मले वाटते, हे बरं झालं. नानाही तेच म्हणाले, बाप आहेत, पोराचा अभिमान वाटते. चाव्या माझ्या भावाच्या हातून मिळाव्यात.

शांताताई


२ सप्टेंबर २००३

इंद्रजीत,

काल तू मले तुझ्या खोलीत बसवलं, चहा पाजला, अन् परत पाठवलं. तिथं चपराशी होता, तुझे दोन बाबू होते, म्हणून मी चूप राहिली. आज लिहून राहिली.

त्याच खोलीत मी पंधरा वर्षं ब्रेल शिकवली. तुझं टेबल जिथं आहे तिथं पहिलीच्या पोरी सतरंजीवर बसत होत्या. मधात प्लायवूड ठोकून तुम्ही तिचे तीन तुकडे केले. एसीसाठी भिंत फोडली. ते पाहूनही मी काही म्हटलं नाही. एकच विचारलं, 'मुदत संपली, घर कधी देता?'

तू हिंदीत बोलला. मी मराठीत विचारत होती अन् तू हिंदीत उत्तर देत होता, जशी मी कोणी बाहेरची अर्जदार आहे. 'दीदी, ऊपर से आदेश नहीं आया है.'

मी म्हटलं, 'हायकोर्टाचा आला ना.'

'वो तो ठीक है. लेकिन विभाग का आदेश निकलना पड़ता है.'

कोर्टाच्या आदेशाच्या वर अजून कोणचा आदेश असते रे? मले शिकव. आभाळातून येते काय?

मग तू उठून दार लोटलं अन् तेव्हा कुठं मराठी आठवली. 'ताई, तू समजून घे. संचालक साहेब म्हणतात, कोर्टाचं काय, कोर्ट रोज आदेश काढते. एक मान्य केला तर सारे लायनीत उभे राहतील. माझ्या हातात काही नाही.'

तुमचे संचालक साहेब व्हरांड्यात भेटले मले. पान खाऊन राहिले होते. मी नमस्कार करून नाव सांगितलं. 'अच्छा, वो ब्लाइंड स्कूल,' म्हणाले, 'अरे मैडम, उनको क्या फरक पड़ता है, यहाँ रहें या वहाँ? उनके लिए तो सब जगह एक जैसी है.' अन् तू मागं उभा होता. हसला नाही, हे खरं. पण बोललाही नाही.

मी ते वाक्य पोरींले नाही सांगितलं. नानांले सांगितलं. त्यांनी हातातला पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, 'मी वर्कशॉपात फिटर होतो तेव्हा फोरमन मले माठाले हात लावू देत नव्हता. युनियनच्या वकिलानं एक कागद आणून दाखवला अन् दुसऱ्या दिवशी मी त्याच माठातून पाणी प्यालो. आपल्याजवळ लाठी नव्हती, पोरी. कागदच होता. हा पोट्टा त्या कागदाले नुसता कागद म्हणून राहिला?'

याचं उत्तर तू त्यांले दे. मी देणार नाही.

शांताताई


१९ नोव्हेंबर २००३

इंद्रजीत,

मोंगरा पडली.

गोदामाच्या मागं तुमच्या विभागाच्या ठेकेदारानं संडासच्या टाकीसाठी खड्डा खोदला होता. खोदला अन् निघून गेला. मी तुमच्या कार्यालयाले दोनदा लिहून दिलं, की खड्डा बुजवा नाही तर झाका, पोरी आंधळ्या आहेत. पोच माझ्याजवळ आहे. उत्तर आलं, की निवडणुका आहेत, सारा स्टाफ ड्यूटीवर आहे. मीच मग खाटेच्या लाकडी फळ्या आडव्या टाकल्या होत्या. त्या कोणी तरी चुलीसाठी उचलून नेल्या.

एक लहान पोट्टी, नवीनच आलेली, रडत रडत मागच्या बाजूनं गेली. मोंगरानं तिचा आवाज ऐकला अन् तिले आणायले गेली. लहानी काठावरच होती, तिले काही झालं नाही. मोंगरा आत गेली.

मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात ऑपरेशन झालं, सळई टाकली. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण एक पाय आखूड राहील. येत्या मार्चमधली दहावीची परीक्षा हातची गेली. तिले टेलिफोन ऑपरेटर व्हायचं होतं, तुले माहीत आहे, तूच तिले म्हटलं होतं की तुझा आवाज चांगला आहे, मी अर्ज भरून देईन.

शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं काय विचारलं सांगू? 'बडी दीदी, आपण तात्यापाऱ्यात असतो तर मी पडली असती का?'

मी काय सांगू तिले? निकाल लागला होता. मुदत संपली होती. कायद्यानं ती त्या दिवशी तात्यापाऱ्याच्या व्हरांड्यात असायले पाहिजे होती. ती जिथं पडली तिथं तिनं असायचंच नव्हतं. तिले तुम्ही तिथं ठेवलं. खड्डा ठेकेदाराचा असेल, पण ती जागा तुमच्या साहेबाची अन् तुझी.

तू दवाखान्यात आला नाही. फळांची टोपली ड्रायव्हरच्या हातून धाडली. मी ती बाजूच्या खाटेवरच्या बाईले देऊन टाकली. रागानंच दिली.

शांता


१ फेब्रुवारी २००४

इंद्रजीत,

परवा दिवाकर वकिलांनी तुमच्या विभागाचं शपथपत्र माझ्या हातात ठेवलं. हायकोर्टानं विचारलं होतं, आदेशाचं काय केलं? तुम्ही उत्तर दिलं: 'आदेश का पालन कर दिया गया है. भवन का आधिपत्य संस्था को सौंप दिया गया है.' खाली सही. ती सही मी ओळखत नाही काय? 'इ'ची शेपटी अशी लांब काढायले तू शाळेतच शिकला होता, अन् मास्तर ओरडले तेव्हा मीच म्हटलं होतं, काढू द्या.

कोणचं भवन सोपवलं रे? तात्यापाऱ्याच्या मागच्या अंगणातली जळतणाची खोली उघडून दिली, त्याले भवन म्हणते काय तुमचं खातं? अन् शपथ घेऊन?

शपथपत्र दाखल व्हायच्या आधी तू फोन केला होता. किती महिन्यांनी. मले वाटलं मोंगराची विचारपूस करशील. तू म्हटलं, 'दीदी, साहब बोले हैं, लिख के दे दो कि पालन हो गया, बाद में खाली करवा देंगे. तुम उधर से कुछ मत बोलना.' मी म्हटलं, 'इंद्रजीत, असं लिहू नको. हात जोडते.' तू फोन ठेवला. अन् लिहिलं.

दिवाकर वकील म्हणाले, आता अवमानाची याचिका लावू. मी म्हटलं, लावा, संचालनालयावर लावा. ते चष्मा काढून पुसत बसले. 'शांताबाई, अवमान विभाग नाही करत, माणूस करतो. विभागाले कोर्टात उभं नाही करता येत. नाव लिहावं लागते. संचालकाचं नाव, अन् ज्यानं शपथपत्र केलं त्याचं नाव.' त्यांले तोपर्यंत माहीत नव्हतं तू माझा कोण आहे. आडनाव रंगारी, रायपुरात रंगारी का कमी आहेत? मी सांगितलं. ते म्हणाले, 'मग घरी विचार करा. फक्त साहेबाचं नाव टाकूनही लावता येते, पण तो म्हणेल, मले काय माहीत, सही माझी नाही. अन् सुटेल.'

मी घरी आली. नाना भाजी निवडून राहिले होते. सारं सांगितलं. तू एकुलता पोरगा, म्हातारपणी तुझ्याकडंच पाहून राहिलेले. मले वाटलं, ते म्हणतील, जाऊ दे बाई, घरातली गोष्ट आहे. सांगू का, मले तसंच पाहिजे होतं. ते नाही म्हणाले असते तर मले झोप लागली असती.

त्यांनी विचारलं, 'कागदावर पूर्ण नाव येते?'

'हो. बापाच्या नावासकट.'

'मग लिही. इंद्रजीत वल्द शामराव रंगारी. माझं नाव त्यात येते तर येऊ दे. मी नाही दिलं त्याले हे शिकवून, पण नाव मीच दिलं.'

अन् पुन्हा मेथी निवडू लागले. पानं खाली अन् काड्या ताटात पडून राहिल्या होत्या.

मी लिहून दिलं. नोटीस तुले ऑफिसात मिळेल. दुसऱ्याकडून समजायच्या आधी माझ्याकडून समजावं, म्हणून हे पत्र.

शांता


७ एप्रिल २००४

इंद्रजीत,

बिलासपूरच्या कोर्टात आपण एका बाकाच्या दोन टोकांवर बसलो होतो. मधात मोंगरा कुबड्या घेऊन. तिले मी आणलं नव्हतं, ती हट्टानं आली. 'माझ्या पायाची गोष्ट आहे, मी ऐकणार,' म्हणे. तू तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तिले दिसत नाही म्हणून तुले वाटलं असेल, की चालून जाते.

जज साहेबांनी शपथपत्र हातात धरून विचारलं, 'आदेश समझ में नहीं आया था, या मानना नहीं था?' तुमच्या संचालकाचा वकील उठला. भारी वकील, भोपाळहून आणलेला. म्हणाला, माझे अशील न्यायालयाचा अत्यंत आदर करतात, बिनशर्त माफी मागतात, झालं ते एका कनिष्ठ अधिकाऱ्याच्या चुकीमुळं झालं. त्यानं साहेबांले चुकीची माहिती दिली.

कनिष्ठ अधिकारी म्हणजे तू.

मी तुझ्याकडं पाहत होती. व्हरांड्यात पान खाणारा तो माणूस हात बांधून, मान खाली घालून उभा, जसा काही शाळेतला गरीब पोट्टा. अन् तुझ्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.

जज साहेबांनी तुलेच विचारलं, 'ये किसके कहने पर लिखा आपने?'

मले वाटलं, आता बोलशील. नुसतं 'साहेबांनी सांगितलं' एवढंच तर बोलायचं होतं. तेच तू मले फोनवर सांगितलं होतं. तू साहेबाकडं पाहिलं. तो छताकडं पाहत होता.

'मेरी भूल है, माय लॉर्ड,' तू म्हटलं.

मी उठून उभी राहिली. 'खोटं आहे,' म्हटलं, मोठ्यानं. दिवाकर वकिलांनी पदर ओढून बसवलं. जज साहेब म्हणाले, आपल्याजवळ काही पुरावा आहे का? माझ्याजवळ काय होतं? एक फोन, जो फक्त तू अन् मी ऐकला.

साहेबाची माफी मंजूर झाली. ताकीद देऊन सोडलं. तुले दंड, अन् तुझ्यावर विभागीय चौकशी. इमारत पंधरा दिवसांत, पोलीस बंदोबस्तात. बाहेर तुमचा साहेब मोटारीत बसताना फोनवर हसून बोलून राहिला होता.

मोंगरानं मले विचारलं, 'माफी कोणाले मागितली?' 'कोर्टाले,' म्हटलं. 'पडली तर मी होती,' ती म्हणे.

रेल्वेत सारा वेळ मी खिडकीकडं तोंड करून बसली. तू माझा भाऊ आहे म्हणून दुःख होतं, असं समजू नको. संताप होता. अजून आहे. कोर्टाचा अपमान दोनदा झाला, इंद्रजीत. एकदा आदेश मोडून, अन् दुसऱ्यांदा त्याच कोर्टात उभं राहून चोराले वाचवून. पहिला तुझ्या साहेबानं केला. दुसरा तू केला.

शांता


तात्यापारा
२० डिसेंबर २००४

इंद्रजीत,

काल तू आला. येशील असं मले वाटलं नव्हतं.

तुले निलंबित केलं हे मले एप्रिलनंतर लवकरच समजलं होतं. साहेबाले बढती मिळाली, मंत्रालयात मोठी खोली, हेही पेपरात वाचलं. त्यानं तुले वाचवायचं वचन दिलं असेल. फोनही उचलत नसेल आता. मी विचारलं नाही, तूही सांगितलं नाही.

घर कसं आहे ते तू पाहिलंच. प्लायवूड आम्ही काढलं, एसीची भोकं बुजवली, तरी पुष्कळ बदललं. मधलं दार तुम्ही विटांनी बंद केलं, ते उघडायले मिस्त्री लावला आहे. मोठ्या पोरी जुन्या सवयीनं जातात अन् तिथं डोकं आपटतात. जुनं घर विसरायचं अन् हे नवीन शिकायचं, असं काम चालू आहे. मोंगरा यंदा परीक्षेले बसून राहिली.

तू तिच्यासमोर उभा राहिला, तेव्हा मी मुद्दाम आत गेली. पण दार उघडं होतं. सारं ऐकलं. तू पदाचं नाव नाही घेतलं. 'मी इंद्रजीत. ज्यानं खोटं लिहिलं तो,' असं मराठीत म्हटलं, अन् तिले मराठी थोडीच समजते म्हणून पुन्हा हिंदीत म्हटलं. खड्ड्याची गोष्ट काढली. 'मेरे कारण' म्हटलं. तिथं तू नाक ओढलं.

ती म्हणाली, 'हव, सुन लेंव.' हो, ऐकलं. त्यापुढं काही नाही. तू वाट पाहत राहिला. ती तिच्या ब्रेलच्या पाटीकडं वळली. तुले वाईट वाटलं असेल. वाटू दे. कोर्टात माफी मंजूर होते. इथं कोणी बांधील नाही.

नानांले मी सांगितलं, तू आला होता. ते विचारत होते, जेवला का? मी म्हटलं, नाही थांबला. 'थांबवायचं,' म्हणाले. एवढंच.

पण पत्र लिहायचं कारण दुसरं आहे. तू फाटकाबाहेर गेल्यावर मोंगरानं हाक मारली. 'बडी दीदी, साहब रोवत रहिस का?' साहेब रडत होता का? मी हो म्हटलं. ती बोटांनी पाटीवरचे ठिपके चाचपत बसली. मग म्हणाली,

'अउ बड़े साहब?' अन् मोठा साहेब?

मी काय सांगू? तो मंत्रालयात आहे, त्याले नवीन मोटार मिळाली, असं?

खोट्या शपथपत्राची चौकशी व्हावी म्हणून आम्ही हायकोर्टात अर्ज लावून राहिलो. दिवाकर वकील म्हणतात, तुझ्या जबाबाशिवाय त्यात दम नाही. अन् हेही म्हणतात, की खरं सांगितलं तर तुझी नोकरी बहुधा जाईल, कदाचित शिक्षाही होईल. मी तुले गोड बोलून नेणार नाही. मोंगराजवळ तू खरं बोलला, पण ते एका खोलीत. ज्या जागी खोटं बोलला तिथं ते अजून तसंच लिहून ठेवलेलं आहे.

तारीख लागली की मी कळवीन. बिलासपूरची गाडी सकाळी निघते. स्टेशनावर मी असेन, मोंगराही येईन म्हणते. तू आला तर बाकावर तिच्या बाजूले बस, अन् जज साहेबांनी विचारलं की तिच्या कालच्या प्रश्नाचं उत्तर दे. मोठ्यानं दे. तिले दिसत नाही, ऐकू येते.

तुझी
शांताताई